हिरवा चेहरा

"पण चेहरा हिरवा का?" आप्पा मेस्त्रींनी विचारलं.

त्यांच्या एका हातात हातोडी होती, दुसऱ्यात खिळा. कोल्हापुरातल्या त्यांच्या चित्रशाळेत एक रीत होती. ज्या शिष्याच्या चित्रासाठी आप्पा स्वतः भिंतीत खिळा ठोकत, तो चित्रकार झाला, असं सगळे मानत.

पॅरिसला शिकून परतलेली त्यांची शिष्या शर्वाणी त्या एका खिळ्यासाठी आली होती. समोर ईझलवर तिच्या आईचं चित्र होतं. हिरवा चेहरा, लाल केस, निळा गळा.

"माणूस हिरवं दिसाय लागलं, की आमच्याकडं डॉक्टरला बोलावतात," आप्पा म्हणाले.

शर्वाणी हसली नाही. तिनं फॉव्हिझमबद्दल सांगितलं. शंभरेक वर्षांपूर्वी पॅरिसच्या एका प्रदर्शनात काही तरुणांनी ट्यूबमधले रंग तसेच कॅनव्हासवर लावले होते. झाडं लाल, पाणी केशरी. लोक हसले. त्यांना हिंस्र पशू म्हटलं गेलं. पण त्यांनी रंगाला वस्तूंच्या चाकरीतून सोडवलं, आणि त्याच दारातून आधुनिक चित्रकला बाहेर पडली. सांगताना तिचा आवाज चढत गेला.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांचे हात थरथरले असतील," ते म्हणाले. "तुझा थरथरला?"

"एकदाही नाही, आप्पा."

आप्पांनी खिळा खिशात टाकला.

शर्वाणीचा चेहरा उतरला. चित्रात काय चुकलं, ते तरी सांगा, असं ती म्हणाली.

आप्पा चित्राच्या जवळ गेले.

"आई गेली तेव्हा कशी दिसत होती?"

"मी नव्हते इथं. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"परीक्षा होती. तीच म्हणाली होती, येऊ नकोस. मी पोचले तोवर..."

तिनं चित्राची कड घट्ट धरली. तरी बोटं थरथरायची थांबत नव्हती.

आप्पा त्या बोटांकडे पाहत होते. हातोडी त्यांनी अजून खाली ठेवली नव्हती. मोकळ्या हातानं त्यांनी शेजारच्या मेजावरचा ब्रश उचलला आणि तिच्या त्याच हातात दिला.

शर्वाणीनं डोळे पुसले. मेजावरच्या रंगांकडे पाहिलं. मग अगदी हळू विचारलं,

"आता गव्हाळ घेऊ...?"

"नको," आप्पा म्हणाले. "हिरवाच लाव."