रेस देऊ नकोस

घाटाच्या पायथ्याशी एक म्हातारा मिस्त्री आपल्या शिष्यासह गॅरेज चालवत असे. ऋषी नाहीत, आश्रम नाही, म्हणून लगेच नाक मुरडू नका. ज्ञान जिथे मिळतं तो आश्रमच. या आश्रमात आसन म्हणून आडवा टाकलेला टायर होता, एवढाच काय तो फरक.

म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणत. शिष्याचं नाव जोतिबा. तिशी ओलांडलेला, हाताला गुण असलेला, मनाने निर्मळ, पण भयंकर उतावळा. वर्षभरापूर्वी त्याने सुजाताशी लग्न केलं होतं. सुजाताचा पहिला नवरा आजारपणात गेला होता आणि पदरी मैथिली नावाची लहान मुलगी होती. "पोरगी माझीच," असं चारचौघांत सांगून जोतिबाने मोठ्या हौसेने दोघींना घरी आणलं. पण पोरीने अजून त्याला कुठल्याच नावाने हाक मारली नव्हती.

एका सकाळी तो येताच म्हणाला, "अण्णा, सोमवारी सुट्टी पाहिजे. मैथिलीला तालुक्याच्या वसतिगृहात ठेवून येतो."

अण्णांनी बॉनेटखालून डोकं बाहेर काढलं. "सुजाता काय म्हणते?"

"काय म्हणणार? 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणते आणि पदराने डोळे पुसते. पण मी तरी काय करू, सांगा. तिच्या बाबांचं सगळं सगळं मी शिकून घेतलं. ते करायचे तसे दडपे पोहे करतो. ते न्यायचे त्या तळ्यावर रविवारी नेतो. ते घरी येताना फाटकातून शिट्टी वाजवायचे, तर तिच्या मामाकडून ती शिट्टीसुद्धा घोटून घेतली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा पोर धावत दारात आली हो, अण्णा! मला बघितलं आणि तशीच मागे फिरली." "तेव्हापासून मी आलो की ती परसात जाऊन बसते. माझ्यामुळे तिचा जीव गुदमरतोय. मग दूर राहून तरी सुखात राहू दे."

अण्णांनी हात पुसले. ते एवढंच म्हणाले, "आधी शेठची गाडी बघू."

ही गाडी गुळाचे व्यापारी रेवणशेठ यांची. तिला पुष्कळ वर्षं झाली होती, पण शेठचा तिच्यावर फार जीव. अलीकडे ती चढावर मध्येच बंद पडू लागली होती. गुरुशिष्यांनी वायरी तपासल्या, तुंबलेले इंजेक्टर साफ केले, हवेचा चिरलेला पाइप बदलला. तरी खोड जाईना. शेवटी दोष सापडला तो इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये. इंजिनाला कधी किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा हा हातभर वायरींचा डबा. पुढच्या काचेच्या कडेने पाणी झिरपून त्याला आतून हिरवा गंज चढला होता. काचेची गळती आधी बुजवली होती, आणि त्याच नंबरचा दुसरा डबा शहरातून मागवला होता.

जोतिबाने नवा डबा बसवला, लॅपटॉप जोडला आणि उत्साहाने म्हणाला, "अण्णा, जुन्याची स्मृती अजून वाचता येतेय, गाडी चालता चालता तो जे जे शिकला ते. सगळीच्या सगळी नव्यात उतरवतो. शेठना वाटेल, काही झालंच नव्हतं!"

अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "किल्लीची ओळख तेवढी उतरव. बाकी पाटी कोरी राहू दे."

किल्लीची ओळख उतरवणं भागच होतं. या गाड्यांच्या किल्लीत एक खूण असते, ती कॉम्प्युटरला पटली नाही तर इंजिन चालू राहत नाही. पण बाकीचं का नको, ते जोतिबाला उमगेना. तरी त्याने सांगितलं तसं केलं आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं, आणि थरथरू लागलं. आवाज चढे, पडे, आता बंद पडतंय असं वाटे, पुन्हा सावरे. जोतिबाचा पाय आपोआप पेडलकडे गेला.

"रेस देऊ नकोस!" अण्णा कडाडले. "दिवे बंद, एसी बंद. बाहेर ये."

आणि स्वतः टायरवर बसून त्यांनी खुशाल चहा मागवला. गाडी न्यायला येऊन उभे असलेले रेवणशेठ कासावीस झाले. "अहो अण्णा, ही तर थंडीतापाने कापतेय! पोरगा म्हणतो तशी जुन्याची नक्कल उतरवा की!"

"बसा शेठ. चहा घ्या."

चहा संपला. अण्णांचा एक हात बॉनेटवर होता. हळूहळू ती थरथर विरत गेली आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. मग अण्णांनी दुसरं नवल केलं. दुरुस्त गाडीची पहिली फेरी नेहमी ते स्वतः मारत. आज त्यांनी शेठला गाडीत बसवलं. "घाट चढून या. रोज चालवता तशीच चालवा."

गाडी वळणाआड गेली, तसा जोतिबा उसळला. "अण्णा, सोपी वाट सोडून हे काय?"

अण्णांनी त्याला शेजारी बसवलं. "जुना डबा काय शिकला होता?"

"या इंजिनाच्या खोडी."

"या इंजिनाच्या, पण तेव्हाच्या. तेव्हा इंजेक्टर तुंबले होते, पाइप चिरला होता. ते सगळं नव्याच्या डोक्यात कोंबलं असतं तर समोरचं इंजिन त्याने आधी बघितलं असतं का? त्याला थोडं थरथरू द्यावं लागतं, बाबा. मध्येच रेस दिली की त्याचं शिकणं मोडतं. आणि ज्याच्याबरोबर जन्म काढायचा, त्याचा पेडलवरचा पाय डब्याला स्वतःच ओळखू द्यावा, म्हणून शेठला धाडलं."

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "माणूस म्हणजे डबा नव्हे. एकाच्या जागी दुसरा बसत नाही, हे मलाही कळतं. पण तू मात्र स्वतःचा डबा करून बसलास, लेका! तिच्या बापाचं सगळं स्वतःत उतरवून घेतलंस. त्याची मैथिली केवढी होती? आज केवढी आहे? बाप गेला, घर बदललं, पोर वाढली. तू तिला बघितलंस कुठे? तू तिच्या बापाकडेच बघत राहिलास. त्याच्याकडून किल्लीची ओळख तेवढी घे. ही पोर आपली, एवढंच. बाकीचं तिच्याकडून शीक. थरथरेल थोडे दिवस. थरथरू दे."

जोतिबाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्याने ते लपवलं नाही.

गाडी परत आली. शेठचा चेहरा फुलला होता. "एकदाही अडली नाही!" जोतिबा जुना डबा भंगारात टाकायला निघाला, तर अण्णांनी अडवलं. बदललेला भाग धन्याच्या हाती परत द्यायचा, अशी त्या गॅरेजची रीत होती. "पुसून दे," अण्णा म्हणाले. "इतकी वर्षं गाडी त्यानेच सांभाळली."

संध्याकाळी जोतिबा घरच्या फाटकाशी आला. सवयीने ओठ शिट्टीसाठी जुळले, पण त्याने ते मिटून घेतले. "मैथिली, मी आलोय गं," अशी साधी हाक मारून तो पायरीवर बसला. पोहे नाहीत, तळं नाही, काही नाही. सुजाता दारापर्यंत आली, त्याच्याकडे पाहून आत गेली.

बऱ्याच वेळाने परसाच्या कोपऱ्यावरून आवाज आला, "आज शिट्टी नाही वाजवलीत?"

"नाही. ती तुझ्या बाबांची आहे. मी उगीच घेतली होती. आता तुझ्याकडे ठेव."

मैथिली पुढे आली. पायरीच्या दुसऱ्या टोकाला, अंतर राखून बसली. "तुम्हाला येतही नव्हती नीट," ती म्हणाली. "बाबा शेवटी वर न्यायचे." आणि तिने ती वाजवून दाखवली. शेवटचा सूर वर नेताना तिला रडू फुटलं. जोतिबा तिच्याजवळ सरकला नाही, आणि उठूनही गेला नाही. थोड्या वेळाने पोरच सरकत सरकत त्याच्या बाजूला आली.

सोमवारी गॅरेजचं दार जोतिबानेच उघडलं. वसतिगृहाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. गाडीखाली आडवा होऊन तो शिट्टी वाजवत होता. कुणाची नव्हे, त्याची स्वतःची, आणि चांगलीच बेसूर.