एकशे त्रेचाळीस अर्जांची पोच

देवटाकच्या विद्यापीठात ग्रंथालयामागचा दगडी जिना उतरला की अभिलेखागार लागतं. तिथे जुने कागद पाहायला येणाऱ्याला आधी एक पत्र लिहावं लागतं, तेही अनोळखी माणसाला. विद्यापीठाचा इतिहास म्हणजे कोनशिला आणि कुलगुरूंच्या तसबिरी, असं समजून आलेले पाहुणे यावर चिडतात. मग तिथले जुने सेवक मुलाणीचाचा खुर्ची पुढे ओढतात आणि रेवणनाथ ढवळेची हकिगत सांगतात.

विद्यापीठ सुरू झालं त्या वर्षी रेवणनाथच्या धाकट्या बहिणीने, कौसल्येने, प्रवेशासाठी अर्ज लिहिला. टपालात टाकायचं काम भावाकडे होतं.

"दादा, आत दुसरं पाकीट आहे बघ. तिकीट लावलेलं. उत्तरासाठी."

रेवणनाथ हसला. "एवढं मोठं विद्यापीठ, त्यांच्याकडे पाकीट नसेल होय?" त्याने ते काढून घेतलं आणि स्वतःच्या कामाला वापरलं.

कौसल्या आषाढभर पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसली. उत्तर आलं नाही. मार्गशीर्षात तिचं लग्न झालं, पार हुबळीकडे. त्यानंतर ती माहेरी आली नाही आणि रेवणनाथही भाऊबीजेला गेला नाही.

पुढे त्याला याच विद्यापीठात दप्तरी म्हणून नोकरी लागली. अठरा वर्षांनी जुनी दप्तरं नष्ट करण्याचा हुकूम निघाला, तेव्हा एका गठ्ठ्याची दोरी सोडताना त्याला ओळखीचं अक्षर दिसलं. अर्जावर शेरा होता : 'पात्र. उत्तरी पाकीट नाही. प्रलंबित.' ज्यांनी पाकीट जोडलं नाही, त्यांना उत्तर पाठवायचं नाही, असा तेव्हाचा नियम होता. त्या गठ्ठ्यात मुलींचे असे एकशे त्रेचाळीस अर्ज होते, आणि सगळ्यांवर 'पात्र' लिहिलेलं होतं. असं सांगतात, की रेवणनाथ तिथेच फरशीवर बसला आणि दुपारपर्यंत उठला नाही.

"ढवळे, रद्दीत घाला ते," कुलसचिव म्हणाले. "या मुली आता सासवा व्हायला आल्या असतील."

"होऊ देत, साहेब. त्या नापास झाल्या नव्हत्या, एवढं तरी त्यांना कळू दे."

त्याने पहिलं पत्र कौसल्येला लिहिलं. पाकिटाची गोष्ट कबूल केली, माफी मागितली. आणि गठ्ठ्यावर हात ठेवून शपथ घेतली, म्हणे : या प्रत्येकाला उत्तर जाऊन पोच येईपर्यंत मला आलेलं पत्र मी उघडणार नाही. इतकी माणसं उत्तरासाठी ताटकळत असताना स्वतःचं टपाल कसं फोडायचं?

आठव्या दिवशी कौसल्येचं पत्र आलं.

पाकीट जाड होतं. आत आणखी एक पाकीट असावं, असं बोटांना लागत होतं. तिने माफ केलं की नाही, ते त्या घडीत होतं. रेवणनाथने नोंदवहीत तिच्या नावापुढे 'पोच आली' असं लिहिलं, पत्र टेबलाच्या काचेखाली सरकवलं आणि दुसऱ्या अर्जाचं उत्तर लिहायला घेतलं. त्यानंतर एकवीस वर्षं तो त्याच टेबलावर लिहीत राहिला. कधी कधी लिहिता लिहिता त्याचा हात काचेवर थांबायचा, म्हणे. कौसल्या गेल्याची तार आली, तीही त्याने फोडली नाही. पोस्टमनच्या चेहऱ्यावरून ओळखली. तो वारला तेव्हा सव्वीस पोचा यायच्या होत्या.

पाहुण्यांपैकी कुणीतरी विचारतंच, "चाचा, ते काचेखालचं पत्र उघडा ना आता. कोण बघतंय?"

"उघडलं की गोष्ट संपली. मग उरलेल्यांना तू लिहिणार का?" चाचा म्हणतात आणि दौत पुढे सरकवतात.

आजही त्या टेबलावर बसून लोक लिहितात. जुन्या पत्त्यावरून पत्र परत आलं, तर गावच्या शाळेला, नाही तर ग्रामपंचायतीला : 'आपण पात्र होता. उत्तर द्यायला उशीर झाला.' गेल्या पावसाळ्यात खानदेशातून एका नातवाची पोच आली. आता नऊ उरल्या आहेत. परवा आलेल्या एका मुलीची चारची गाडी होती. तिने एक पत्र लिहिलं, घड्याळ पाहिलं आणि दुसरा कागद मागून घेतला.