ठकूबाईनं भरलेली ओटी

घाटातून अजून बैलांचे तांडे मिरी-लवंगा लादून चढत होते, त्या काळातली ही गोष्ट. जरा जवळ सरकून बसा, कारण गोष्ट गार आहे.

घाटमाथ्यावर आसनघोळ नावाचं गाव, आणि गावात ठकूबाई नावाची विधवा. तोंडानं फटकळ, हातानं गुणाची. पाऊस सरून शरदाचं ऊन तापायला लागलं, की माणसं दुपारी घामानं भिजायची आणि तिन्हीसांजेला हिवानं कापायची. मग ज्याला त्याला ठकूबाई आठवायची. सुंठ, मिरी, पिंपळी, दालचिनी ती पाट्यावर वाटायची, गूळ घालून उकळायची आणि समोर बसून पाजायची. कुणी तोंड वाकडं केलं तर म्हणायची, "गोड लागाया हे काय लगीन हाय?" तिच्या काढ्यानं विझत आलेली माणसं उठून बसली, असं म्हणतात. पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. काढा प्यायला विधवेचा हात चाले, ओटी भरायला चालत नसे. रीतच होती तशी, आणि मला विचाराल तर मेली रीत.

एका वर्षी नवरात्र उलटलं तरी हिव हटेना. घराघरात माणसं दगावू लागली. त्यातच ठकूबाईची सून अनुसा बाळंत झाली. मुलगा तांड्याबरोबर कोकणात उतरलेला, त्यामुळे घरात सासू, सून आणि तान्हं बाळ एवढंच.

बाळंतिणीच्या घराची एक रीत असते. उंबऱ्यात निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, तिच्यावर ओवा टाकून धुरी करायची आणि बाहेरचं माणूस ती ओलांडूनच आत घ्यायचं. साऱ्या गावाला हे ठकूबाईनंच शिकवलेलं. पण त्या दुपारी अनुसाचे हातपाय गार पडले आणि ठकूबाई घाबरली. काढा चढवला, तर चुलीतली लाकडं ओली, नुसता धूर. तिनं उंबऱ्यातले निखारे उचलले आणि चुलीत ओतले. शहाणं माणूस आपल्याच घरात चुकतं ते असं.

काढ्याला उकळी फुटतेय, तोच दारातून आवाज आला, "बाय, जरा शेकू का? लय गार पडलंय."

बाहेर रणरणतं ऊन होतं. दारातल्या बाईचं लुगडं मात्र निथळत होतं. ठकूबाईचं सगळं ध्यान भांड्यात. मागं न बघताच ती म्हणाली, "ये, बस." झालं. दारी आलेल्याला एकदा बस म्हटलं, की ऊठ म्हणता येत नाही.

बाई चुलीपाशी बसली आणि जाळ तिच्याकडे झुकला. लाकडं जळत होती, पण काढ्याची उकळी थांबली. वाफ वर जायची ती खाली उतरून भुईवर सरपटू लागली. भर दुपारी ठकूबाईच्या तोंडातून पांढरा श्वास निघाला. आतल्या खोलीत रडणारं बाळ एकाएकी गप्प झालं, आणि अनुसाचे दात वाजायला लागले. तेव्हा कुठं ठकूबाईनं वळून पाहिलं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत ओली पावलं उमटली होती. गावात ज्या ज्या घरातलं माणूस गेलं, त्या त्या घरातल्या भुईवर असलेच न वाळणारे ठसे तिनं पाहिले होते.

"आता उठायचं किती घेशील?" ठकूबाईनं विचारलं.

"उठन की," बाई आतल्या खोलीकडे बघत म्हणाली. "पर रिकाम्या पदरानं मी कुठल्याच घरातनं उठत न्हाई."

सुनेवर तिचा जीव होता, तोंडावर कधी म्हणाली नव्हती एवढंच. तिनं मसाल्याचं मडकं उचललं आणि वर्षाची सुंठ, मिरी, लवंगा, दालचिनी, होतं नव्हतं ते सगळं त्या बाईच्या पदरात ओतलं.

बाई किंचाळली, "रांडव तू! तुझ्या हातची ओटी मला चालत न्हाई!"

"आन तू गं कुणाची सवाशीण?" ठकूबाई म्हणाली. "न्हाई चालत तर टाक खाली."

पण भरलेली ओटी कुणी भुईवर टाकत नाही. तेवढी रीत तिलाही मोडता येईना, असं म्हणतात. तिच्या पदरातून वाफा निघू लागल्या, लुगडं काठाकडून वाळत चाललं. धडपडत ती उठली, तसा चुलीवरच्या काढ्याला पुन्हा उकळी फुटली. उंबऱ्यात ती थांबली.

"ओटी भरलीस, म्हंजे मी आता तुझी माहेरवाशीण. लेकीला कुणी एकटी धाडतं व्हय? शिवेपतोर पोचवाया चल."

ठकूबाईला काय ते कळलं. तिनं आतल्या खोलीत डोकावून पाहिलं. "अनुसा, काढा उकळलाय. समदा पी. तोंड वाकडं करायचं न्हाई." एवढं बोलून तिनं त्या बाईचा हात धरला. धरल्या क्षणी तिचा स्वतःचा हात कोपरापर्यंत पांढरा पडला. दोघी उन्हातून माळाकडे गेल्या. अनुसानं बाजेवरून, उघड्या दारातून पाहिलं, तर सावली एकीचीच पडत होती. कुणाची, ते तिला अखेरपर्यंत सांगता आलं नाही.

ठकूबाई परतली नाही. माणसं शोधत गेली, तर शिवेवरचं गवत तापल्या उन्हातही दहिवरानं पांढरं होतं आणि लवंगांचा वास येत होता. त्या दिवसापासून गावातलं हिव उतरलं, असं म्हणतात.

बारशाला सवाशिणी ओटी भरायला आल्या, तेव्हा अनुसानं पदर मिटून घेतला. "आधी विधवेच्या हातची," ती म्हणाली आणि रडली. बायका कुजबुजल्या. मग कोपऱ्यातल्या एका विधवेला त्यांनीच पुढं आणलं.

आसनघोळात आजही बाळंतिणीची पहिली ओटी विधवा भरते, सुंठ-मिऱ्यांची. आणि ओटी भरून झाली, की गावच्या साऱ्या सवाशिणी तिचा हात धरतात आणि तिला तिच्या घरापर्यंत पोचवून येतात. वाटेत कुणीही तो हात सोडत नाही.