उकिडवे मास्तरांची खुर्ची

भोरच्या वाचनालयाची जुनी रीत होती : व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न उकिडवे मास्तरांचा. मास्तर गेले, तरी पहिल्या रांगेत त्यांची वेताची खुर्ची रिकामी ठेवत. वक्त्याने क्षणभर तिच्याकडे पाहायचं, मगच बाकीच्यांनी हात वर करायचे.

यंदाचे वक्ते डॉ. निरंजन खांबेटे मास्तरांचेच विद्यार्थी, आता परदेशात नावाजलेले. "माणसाची जाणीव मेंदूतल्या क्वांटम हालचालींतून जन्मली. मेंदू थांबला की खेळ खलास!" असं ठणकावून त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. "मग ही भाबडी थेरं कशाला? उचला ती."

दर उन्हाळ्यातल्या व्याख्यानाला ग्रंथपाल कुमुदिनीताईच ती खुर्ची पुसून मांडत. पण त्या शांतपणे उठल्या.

"उचलते की. तेवढं मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाका."

"कसला प्रश्न? मास्तर आहेत कुठे?"

"वर्गात तुम्ही असं काही ठासून सांगितलंत, की ते काय विचारायचे हो?"

खांबेट्यांच्या तोंडून नकळत, अगदी मास्तरांच्याच हेलात निघालं, "निरंजना, हे तुला कसं रे कळलं?"

सभागृहातले मास्तरांचे जुने विद्यार्थी गलबलले.

"मास्तरांचा मेंदू कधीच थांबला, डॉक्टर, पण प्रश्न आला बघा," ताई म्हणाल्या. "आता उत्तर द्या, लगेच खुर्ची उचलते."

खांबेटे खुर्चीकडे पाहत राहिले. मग वर्गात उभं राहावं तसे हात मागे बांधून हळूच म्हणाले, "अजून नाही कळलं, मास्तर."