तुळाजीरावांच्या विमानाचा पल्ला

दसऱ्याच्या पूजेला विमानाच्या चाकाखाली लिंबू फुटलं, तो बारीकसा आवाज मला अजून आठवतो. चुलतभाऊ यशोधनरावांच्या विमानावर जळून तुळाजीरावांनी हे त्याहून मोठं विमान घेतलं होतं. यशोधनराव दुबईला गेले, की हे लगेच दुबईला. ते लंडनला, की हेही लंडनला.

पूजा झाल्यावर तुळाजीरावांनी सगळ्यांसमोर वैमानिकाला विचारलं, “पारसनीस, तुम्ही दोन्ही विमानं चालवलीत. कुणाचं सरस? जपून बोला, उद्या नोकरीवर यायचंय ना?”

पारसनीस हळूच म्हणाले, “पल्ला आपलाच मोठा, साहेब. न थांबता अमेरिका गाठेल. पण त्यांचं विमान यशोधनराव ठरवतील तिथं जातं, आणि आपलंही यशोधनराव ठरवतील तिथंच जातं.”

तुळाजीरावांनी एकदा विमानाकडे पाहिलं आणि ते चालू लागले.