शुक्रवारी वाजणारी घंटा

मांडेवठारच्या चर्चच्या भिंती शिंपल्यांच्या चुन्याच्या आहेत आणि मनोऱ्याची खाडीकडची खिडकी बाराही महिने उघडी असते. पण पाहुणे चकित होतात ते गुड फ्रायडेच्या सकाळी. सगळीकडे गुरुवारी घंटा बांधून ठेवतात, ती ईस्टरच्या मिस्साविधीलाच सोडतात. इथे मात्र ऐन शुक्रवारी ती वाजते. जाणते पाहुणे नाकं मुरडतात. मग चर्चची देखरेख करणारे इनासबाबा त्यांना पायरीवर बसवतात. "आधी रुझायचं ऐका, मग काय ते बोला."

रुझाय ही गावातल्या बस्त्याव कोळ्याची बायको. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गावच्या होड्या बुधवारीच किनाऱ्याला लागायच्या. एके वर्षी बस्त्यावची तेवढी आली नाही म्हणे. रुझायच्या जिवाला थारा नव्हता. चूल पेटवायची आणि विसरायची, दारात जायची, परत यायची. शुक्रवार उजाडला तोच धुक्यात. पायरीवरून अंगणातला क्रूस दिसेना. खाडीच्या तोंडाशी खडक, आणि धुक्यात वाट दाखवणारी एवढी एक घंटा. तिची दोरी वर बांधलेली.

आत क्रूसाच्या वाटेची प्रार्थना चालली होती. सगळे गुडघे टेकत होते. ही उठत होती, बसत होती, दाराकडे पाहत होती. शेवटी ती सरळ पाद्रीबाबांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, घंटा सोडा."

"आज नाही, रुझाय. आज प्रभूच्या मरणाचा दिवस. प्रार्थना कर, तो ऐकेल."

"मेलाय ना तो आज? मग त्याला नाही ऐकू जायचं. बस्त्यावला जाईल."

असे सांगतात, की ती धावत मनोरा चढली आणि सुटेना तेव्हा गाठ दातांनी सोडवली. घंटा दणाणली तसं गाव हादरलं. पुरुष तिला खाली ओढायला निघाले, तोच खाडीवरून हाक आली.

होडी आली ती पलीकडच्या गावची. जाळी लावण्याच्या जागेवरून ज्यांच्याशी मांडेवठारचं हाडवैर, तीच माणसं, खडकावर आदळता आदळता आवाजाच्या रोखाने वळलेली. रुझाय किनाऱ्यावर धावली. "आमची होडी दिसली?" त्यांनी नकाराची मान हलवली. ती तशीच माघारी फिरली आणि पुन्हा दोरीला लागली.

थोड्या वेळाने पाद्रीबाबा वर आले. आता हे थांबवणार, म्हणून तिने दोरी आणखी घट्ट धरली.

"हात सोलवटलेत तुझे," ते म्हणाले. "दे इकडे."

धुकं विरेपर्यंत ते घंटा वाजवत होते. मग खाडी दिसली, रिकामी. बस्त्याव आला नाही.

आजही गुड फ्रायडेला दोरी आधी गावची एखादी बाई धरते, मग पाद्री. कुणीतरी किनाऱ्यावर जाऊन सगळ्या होड्या आल्याची खात्री करतं आणि खालून ओरडून सांगतं. घंटा तरी थांबत नाही. त्यानंतरचे टोल बस्त्यावसाठी असतात.