दडवलेली दोन वर्षे

पाडव्याच्या साखरगाठी विकणारा एक व्यापारी एकदा एका वृद्ध गणिताचार्यांकडे आला आणि कपाळाला हात लावून बसला. पाडवा सरला की गाठीला कुणी विचारत नाही. जास्त केल्या तर माल पडून राहणार, कमी केल्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाणार. "यंदा अंदाज चुकला तर दुकानाला कुलूपच लागेल," तो म्हणाला. कोणत्या गावात किती वेळा दवंडी पिटली, नमुन्याच्या गाठी किती वाटल्या आणि शेवटी किती खपल्या, याची वारा, दवंडीवाला, मोठे गिऱ्हाईक अशा बारीकसारीक शेऱ्यांसकट बारा वर्षांची टिपणे त्याने पुढे ठेवली.

आचार्यांनी शेवटच्या दोन वर्षांची पाने अलगद काढून आसनाखाली सारली आणि उरलेली शिष्याच्या हाती दिली.

"अहो, ताजी पानंच लपवता होय?" व्यापारी चिडला. "मग मी एवढं आणलं कशाला?"

आचार्य नुसते हसले. असल्या हसण्याचा भारी राग येतो. पण व्यापारी गरजू होता, पुन्हा येतो म्हणून उठला.

शिष्य हुशार होता, आणि हे त्याला चांगलेच ठाऊक होते. आठ दिवसांत त्याने अंदाजाच्या दोन रीती बसवल्या. पहिली अगदी साधी: जितक्या दवंड्या, त्या प्रमाणात खप. ती दरवर्षी थोडीथोडी चुकत होती. दुसरीत त्याने वार, नक्षत्र, वारा, दवंडीवाल्याचा आवाज असे सगळे गुंफले होते. ती दहाही वर्षे तंतोतंत जुळत होती.

"काय डोकं आहे हो!" व्यापारी हरखला. "दुपारीच साखर मागवतो."

"थांबा जरा." आचार्यांनी दडवलेली पाने काढली, त्यांतला खप सोडून बाकीचा तपशील वाचून दाखवला आणि शिष्याला म्हणाले, "आता सांग, या दोन वर्षी किती खपल्या?"

साध्या रीतीने साडेचार हजार आणि पाच हजार आले. दुसरीने नऊ हजार आणि पावणेदहा हजार. पानांवर होते चार हजार आठशे आणि चार हजार नऊशे. शिष्याचा चेहरा खर्रकन उतरला. व्यापाऱ्याला तर घामच फुटला; दुपारपर्यंत तो दुप्पट साखर मागवून बसला असता.

"अरे, काही गोष्टी नियमाने घडतात, काही नुसत्या घडून जातात," आचार्य म्हणाले. "एका वर्षी एका लग्नघराने दोनशे गाठी उचलल्या. त्याचे श्रेय तू वाऱ्याला दिलेस! योगायोगालाही नियम मानणारी रीत मागचे घडाघडा म्हणते आणि पुढचे विचारले की अडखळते. जे तिला दाखवले, त्यावर तिची परीक्षा कशी व्हावी? म्हणून पाने दडवली."

"म्हणजे साधी रीतच खरी?"

"यंदापुरती. पुढल्या वर्षी पुन्हा पारखायची."

"सुटलो बुवा!" म्हणत व्यापाऱ्याने हात जोडले आणि पाच हजार गाठींची साखर सांगायला तो निघाला.

शिष्य मात्र मान खाली घालून बसला होता. "गुरुजी, मी चुकलो."

"चुकलास खरा," आचार्य म्हणाले, "पण पाडव्याच्या आधी चुकलास."

आठ दिवसांत पहिल्यांदाच शिष्य मोकळेपणाने हसला.